बुधवारी, वारा पडला तर

होडी हानुसची. त्याला विचारून झालंय.
डिझेलचे पैसे घेणार नाही म्हणतो,
पण बाबा येणार म्हटल्यावर
फोनवर जरा गप्प झाला.
"एक्क्याऐंशी ना?"
"ब्याऐंशी," मी म्हटलं, "आणि ते ऐकतायत."

टेबलावर स्कूवोयचा नकाशा पसरलाय,
चार कोपऱ्यांवर चार कप.
बाबा नकाशाकडे बघत नाहीत.
त्यांचं बोट शेजारच्या मेणकापडावर चालतं.
कड्याची प्रत्येक खाच, प्रत्येक ओटा
त्यांच्या तळहाताला पाठ आहे.
इथे पाणी ठिबकतं. इथला दगड खोटं बोलतो.
इथे ओलावुरचा पाय...
बोट पुढे सरकतं.

सतराव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंत
दर उन्हाळ्यात ते दोराला लटकून खाली गेले.
वर सोळा माणसं दोर धरून,
खाली नुसता कल्लोळ,
समुद्राला मध्ये तोंड घालू न देणारा.
लोमवीची अंडी काढायची. नासपतीच्या घाटाची,
निळी, हिरवट, शाई सांडल्यासारखी,
एकासारखं दुसरं नाही.
हजारांत ती आपलं अंडं ओळखते,
हे बाबांनी मला शाळेत जायच्या आधी शिकवलं
आणि त्याच रात्री ते उकडून वाढलं.

कडा त्यांनी वरून पाहिलाय,
नाकाला नाक लावून पाहिलाय.
समोरून, पाण्यावरून, कधीच नाही.
"लांबून काय बघायचं त्यात?"
दहा वर्षं हेच ऐकत आले मी.

मग फेब्रुवारीत तोर्सहावनहून बिर्ना आली,
पाखरं मोजणारी.
तिनं गेल्या जूनचा फोटो दाखवला:
लांब ओटा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत
नुसता दगड.
"फोटो उलटा धरलाय तुम्ही," बाबा म्हणाले.
तिनं मुकाट्यानं फिरवून दिला.
त्यांनी पुन्हा फिरवला.
कॉफीवर साय धरली.
ती गेल्यावर, भांडी विसळताना, पाठमोरेच:
"हानुसची होडी अजून चालते का गं?"

तेव्हापासून हे चाललंय.
मे महिना वाऱ्यानं खाल्ला.
जूनमधली एक तारीख बाबांच्या दाताच्या डॉक्टरनं,
दुसरी हानुसच्या नातीच्या बारशानं.
आता जुलैची नऊ.
तीन आठवड्यांची पिल्लं, पंख पुरते फुटायच्या आधीच
कड्यावरून उडी टाकतात, खाली बाप हाका मारत असतो,
आणि ती गेली की कडाही गेला,
पुढच्या वर्षापर्यंत.
पुढच्या वर्षाचं आम्ही दोघं बोलत नाही.

लाइफ जॅकेट घालणार नाही म्हणतात.
घालतील. मी त्यांच्यावरच गेलेय.
रक्तदाबाच्या गोळ्या बिस्किटांच्या डब्यात,
म्हणजे विसरणार नाहीत.
मटण वाळवलेलं, राईचा ब्रेड, थर्मास दोन.
दुर्बीण मार्युनची; तिनं ती उसनी देताना
तीनदा सांगितलं की उसनी आहे.
पहिल्या दिवशी बाबांनी उलट्या बाजूनं पाहिलं
आणि समाधानानं म्हणाले, "सगळं आहे तसंच लांब."
आता खिडकीत बसून सराव करतात,
समोरच्या उतारावर मेंढ्या मोजतात.
तेवीस. एक खडक निघाला. बावीस.

रेडिओवर संध्याकाळचं हवामान:
वारा नैर्ऋत्येचा, पहाटेनंतर ओसरण्याची शक्यता.
शक्यता हा शब्द बाबा दोनदा ऐकतात,
एकदा निवेदकाच्या तोंडून, एकदा स्वतःच्या.

मी शेवटी विचारलंच,
ओटा खरोखरच रिकामा असला तर?
दुर्बिणीचा पट्टा ते नीट गुंडाळत होते.
"मग मोजायला सोपं," म्हणाले.

दिवा घालवला. जिन्यावर तीन पायऱ्या चढून थांबले.
"हानुसला सांग,
इंजिन लांबच बंद कर म्हणावं.
शेवटचं अंतर
वल्ही मारत जाऊ."