डावी जवभर मोठी

आई लोकर तुडवते, मी शब्द.
आमच्या दुकानाला दार नाही,
उधारीची वही नाही;
आहे तो माझा फोन, कोपऱ्यात तडा गेलेला,
आणि खिडकीची एक फळी, जिच्यावर
नऊ ते साडेनऊ बरा उजेड पडतो.
तेवढ्यात फोटो काढायचे.
नंतर कोचकोरचं ऊन फार पांढरं होतं,
लाल रंग पार धुऊन नेतं.

‘नमद्याच्या सपाता. छत्तीस ते पंचेचाळीस.
डोंगरातल्या मेंढ्यांची मऊ लोकर.’
काय लिहिलंस? आई विचारते. सांगते.
मऊ? या मेंढ्या?
तुला एकदा कातरायलाच बसवते.

मग उकळतं पाणी, साबणाचा चुरा,
लव्हाळ्याच्या चटईत गुंडाळलेली लोकर
आणि कोपरापर्यंत लाल झालेले तिचे हात.
लोकर आधी ऐकत नाही. मग थोडी ऐकते.
मग एका क्षणी, कोणत्या ते आईलाही सांगता येत नाही,
ती लोकर राहत नाही.
याचा व्हिडिओ टाक, मैत्रीण म्हणाली.
टाकला. अठ्ठेचाळीस वेळा पाहिला गेला,
त्यातल्या अकरा वेळा मीच.

पंचवीस डॉलरला जोडी.
त्यात दुकान चालवणाऱ्या कंपनीचा वाटा,
पैसे आणणाऱ्या बँकेचा वाटा,
टपालाच्या खिडकीत रायखानबाईंचा काटा,
चारशे वीस ग्रॅम, चारशेच्या आत आणा गं कधीतरी.
उरतं ते आई मोजत नाही,
मुठीत दाबून बघते.

फेब्रुवारीत बर्गनहून कुणी इंगव्हिल्ड,
तीन तारे:
‘ऊबदार आहेत. पण डावी उजवीपेक्षा थोडी मोठी आहे.’

ठरलेलं उत्तर चिकटवलं:
हाताचं काम, थोडा फरक असायचाच, क्षमस्व,
पैसे परत करते, सपाता राहू द्या.
आईला वाचून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.
तिने हात पुसले.
फडताळातून लाकडी साचे काढले, बेचाळीस नंबरचे.
बाबांनी आपलेच पाय कागदावर ठेवून
रेघ मारून घेतली होती,
आणि एक अख्खा हिवाळा चुलीशी बसून तासले होते.
त्यांच्या पायाला भिंगरी,
वर्षातले पाच महिने कळपामागे वरच्या कुरणांत.
डावा पाय जवभर मोठा.
रिकिबीत आधी तोच जायचा, म्हणून असेल,
आई म्हणते.

बाकीचे सगळे नंबर याच साच्यांवरून
लहानमोठे करून घेतलेले.
तीनशे चौदा जोड्या.
म्हणजे बर्गनला, ओसाकाला,
टोरांटोत कुठल्याशा सातव्या मजल्यावर
माणसं रात्री पाणी प्यायला उठतात
बाबांच्या पायांनी.
शेवटच्या वर्षी तर ते
खाटेपासून दारापर्यंतही चालले नव्हते.

मी म्हटलं, एर्मेक सुताराकडून डावे तासून आणू,
अर्ध्या दिवसाचं काम.
आण, म्हणाली.
मी साचे पिशवीत घातले.
तिने काढले, परत घातले,
उद्या जा, आज त्याच्याकडे पाहुणे असतील.

एप्रिल उजाडला. पिशवी खुंटीला आहे.
ऑर्डर आली की आई साचा काढते,
काम झालं की पुसून परत पिशवीत,
उद्या जायचंय ना, म्हणून.

परवा बर्गनची जोडी परत आली.
राहू द्या म्हटलं होतं तरी,
टपालाचा खर्च जोडीहून जास्त.
टाचेला कुत्र्याचे पांढरे केस.
आईने ते एकेक वेचले,
सपाता झटकल्या
आणि दाराच्या आत ठेवल्या, चवडे घराकडे करून.

रात्री मी दुकानात एक ओळ वाढवली:
‘डावी जवभर मोठी असते.’
खाली कारणापुरती जागा होती.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
मी फोन चार्जिंगला लावला.