रीडिंग

चौतीस वर्षं मी लोकांच्या घरात शिरून आकडे टिपले.
पाणीगेट, फतेपुरा, कारेलीबाग.
मीटर कधी चपलांच्या कपाटामागे,
कधी देव्हाऱ्याच्या डोक्यावर,
एकदा तर कोंबड्यांच्या खुराड्यात.
टॉर्च दातांत, वही गुडघ्यावर.
आकड्याशी माझं कधी भांडण नव्हतं.
तो असतो तेवढाच असतो,
भांडतात ती माणसं.

आता दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये
निमिषा माझं रीडिंग घेते.
"काका, मुठ्ठी वाळो."
मी मूठ वळतो.

ऑपरेशनआधी एक हजार आठशे चाळीस.
डॉक्टर अमीननी चिठ्ठीच्या मागे यकृत काढलं,
चित्रकला बेताचीच,
आणि उजवा कोपरा पेनानं खोडला.
म्हणाले, हे प्रोटीन बाळाचं यकृत बनवतं,
आईच्या पोटात.
जन्मल्यावर वर्षभरात विसरून जातं.
तुमच्या गाठीला ते आठवलंय.

येताना सुरसागरच्या कठड्याशी थांबलो.
आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली.
तिच्या पोटात मला काय काय येत होतं
तिलाही ठाऊक नसणार.
आणि ही मोसंबीएवढी चोरटी वस्तू
बासष्टाव्या वर्षी
तोच पहिला धडा गिरवत बसली होती,
कुणी न सांगता.

इंदूरच्या साडूंनी फोनवर विचारलं, "घेत होते का हो?"
प्रमिला म्हणाली, "इथं? गुजरातेत?"
मग हळू आवाजात, "जुनी कावीळ. बी नावाची."

कापल्यावर आकडा दर सहा दिवसांनी
अर्धा व्हायला हवा, असं डॉक्टर म्हणाले.
आम्ही कॅलेंडरवर अर्धे मांडत गेलो.
नऊशे वीस. चारशे साठ.
दोनशे तीसवर प्रमिलेच्या हळदीच्या बोटाचा डाग आहे.
महिन्यानं त्रेसष्ट आले
त्या दिवशी तिनं तीन पोळ्या करपवल्या
आणि आम्ही त्या खाल्ल्या.
मार्चमध्ये सात.

पण त्या मोसंबीचाही एक रिपोर्ट होता, दोन पानी.
दुसऱ्या पानावर, खालून चौथी ओळ:
सूक्ष्म रक्तवाहिन्यांत पेशी, आढळल्या.
डॉक्टरांनी ती ओळ वाचली,
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
म्हणाले, आकड्यावर नजर ठेवू.
मी म्हटलं, ते मला जमतं.

जुलैत नऊ.
निमिषानं पाकीट देतानाच सांगितलं,
"दसनी अंदर छे, काका. नॉर्मल ज छे."
पोरगी चांगली आहे. सुई दुखू देत नाही.
पण बिल कधी एका रीडिंगवर निघत नाही,
मागचं वजा करावं लागतं.
नऊ वजा सात.
दोन युनिटांत पंखा सव्वा दिवस चालतो.

घरी मी नुसतं "नऊ" म्हटलं.
"दहाच्या आत," असंही म्हटलं, जरा मोठ्यानं.
प्रमिला पेन शोधत उठली,
कॅलेंडर खिळ्यावरून काढलं,
जुलै उघडण्याआधी
तिनं मार्चचं पान उलटून पाहिलं.
तिला वजाबाकी येते.