जातीचा रकाना

संकेश्वरच्या जनावरांच्या दवाखान्यात
मंगळवारी लस असते, आणि कार्डं मी लिहितो.
मालक, गाव, रंग, वय,
कन्नडमधून हात आपोआप चालतो.
जातीच्या रकान्यात पेन थांबलं.

समोर लगमाण्णा, घोंगड्याच्या काठीला बांधलेलं कुत्रं घेऊन.
पोट इतकं आत की चिमटीत धरावं,
तोंड फाळासारखं लांब,
फरशी गार म्हणून एक पाय सतत वर.
"कारवान," लगमाण्णा म्हणाला.
जमखंडीकडचा मेव्हणा मागून पुढं आला,
"मुधोळ लिवा की सर, बाहीर त्येच चालतंय."
शेळी घेऊन बसलेल्या सिद्धव्वानं तोंडातलं पान एका गालात सारलं,
"ब्याटी नायी."
शिकारीचं कुत्रं. तिच्यापुरता विषय मिटला.

डॉक्टर चहाला गेलेले.
भांडण चांगलंच तापलं,
अर्धं कन्नडमधून, अर्धं मराठीतून,
आणि शिव्या दोन्हीकडच्या, कारण त्या सगळ्यांनाच कळतात.

मी कार्डावर फुंकर घालत बसलो.
कारवान म्हणजे तांडा.
कुठला तांडा? कुणी पठाण सांगतं, कुणी अरब,
खात्रीनं सांगणारा मला अजून भेटला नाही.
म्हणून मीच एक रचला:
घोडे विकून लोक पहाटे उठून गेले,
चुलीच्या राखेत एक कुत्री मागं राहिली, पोटुशी.
गावातल्या पोरानं विचारलं, कुणाची गं ही?
पाणी भरणारी म्हणाली, कारवानाची.
पुढं पिढ्यान्‌पिढ्या हाका मारता मारता
त्यातली षष्ठी झिजून गेली.
मालक गेला, प्रत्यय गेला,
नाव तेवढं राहिलं.

तांड्यात तिला कारवान कुणी म्हटलं नसणार.
मुधोळातही शेजारच्या कुत्र्याला
मुधोळ म्हणून कोण हाक मारेल?
आमचं आडनाव कारदगे.
कारदग्यात आमचं घर नाही, खळं नाही,
आजोबांचे आजोबा कशापायी तिथून निघाले ते कुणाला ठाऊक नाही.
गावात होतो तोवर आम्ही कुणी दुसरेच होतो.
पुढच्या गावानं मागच्या गावाचं नाव ठेवलं.

निपाणीच्या मोमीन सरांना मी मागं विचारलं होतं.
कारवान फारसी, ते म्हणाले.
आणि ज्याच्या कानांवर झुलपं असतात तो पशमी,
तेही फारसीच, पश्म म्हणजे लोकर.
मग आपलं काय सर?
सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"राखण," म्हणाले.

हे लगमाण्णाला सांगावं म्हणून मान वर केली
तर काठीला दोरी लोंबत होती.
कुत्रं फाटकाबाहेर, हायवेच्या कडेला,
आणि कोल्हापूरकडून एक ट्रक येत होता.
मेव्हणा ओरडला, मी ओरडलो,
कुणी काय नाव घेतलं आठवत नाही.
लगमाण्णा जागचा हलला नाही.
"बा रं," एवढंच म्हणाला, हळू,
बा तिकडचं, रं इकडचं.
कुत्रं वळलं.
पोरांनी पतंग उतरवावा तसं अंगणात आलं
आणि लस टोचताना
माझा शर्ट चावून फाडला.

रकाना तसाच आहे.
डॉक्टर आल्यावर शिक्का मारतील.