सतरा की एकेचाळीस

या लाकडी खिडकीत बसायला लागून मला दुसरा उन्हाळा.
त्याआधी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
त्यामुळे माणसं दाराशी आली की कळतं
कोण कुणाशेजारी बसणार नाही.

समुद्राकडच्या जागा एक ते बावीस,
रेडवूडखालच्या तेवीस ते अठ्ठेचाळीस.
मध्ये फक्त हायवे आहे, दोन पदरी,
आणि तो ओलांडायला काही जणांना
अख्खा संसार लागतो.

काल दुपारी सिल्वेरा आले. निळा पिकअप,
मागे बर्फाची पेटी, घडीच्या दोन खुर्च्या,
एकीची पट्टी सुतळीने बांधलेली.
फर्नडेलला गाई आहेत त्यांच्या. दूध काढायला
पुतण्याला ठेवून आलोय, म्हणाला, दोनच रात्री.
"सतरा द्या. नेहमीची."
ती नकाशा बघत होती. उलटा धरलेला.

सांगणं माझं काम, म्हणून सांगितलं:
सतराला ऊन आहे, आणि वारा फुकट.
खुंट्या नीट नाही रोवल्या तर पहाटेपर्यंत तंबू
सॅन फ्रान्सिस्कोच्या वाटेला लागतो.
अंड्यात वाळू, बुटात वाळू, दातात वाळू.
पण सूर्य बुडायला लागला
की रुसलेली माणसंसुद्धा खुर्ची वळवून घेतात.

एकेचाळीसला ऊन अकराच्या आत खाली उतरत नाही.
उतरलं तरी नाण्याएवढं,
आणि बसलात तिथून सरकत राहतं.
लाकूड दमट, धूर फार. पाऊस नसतो,
तरी रात्रभर झाडं टपटपतात. धुकं पितात, आणि सांडतात.
अस्वलासाठी लोखंडी पेटी आहे,
टूथपेस्टसुद्धा आत ठेवायची.
झाडं किती उंच ते मी सांगत नाही.
मान दुखली की कळतं.

"हिला समुद्र आवडतो," तो म्हणाला.
मार्गरिदाने मान हलवली. होकार होता की नकार,
तिचं तिला ठाऊक.
मग खाडीवरून झुळूक आली, आणि तिने
झटकन कानावर हात ठेवला.
बोटांच्या फटीतून दिसलं मला:
वालाच्या दाण्याएवढं यंत्र.

माझ्या बसमध्ये असाच एक मुलगा होता, ऑगी.
कुणी खिडकी उघडली की रडायचा.
वारा त्याच्या कानात
पत्र्यावर खडे ओतल्यासारखा पडायचा.
ते कळायला मला दोन वर्षं लागली. दोन वर्षं
मी त्याला रडका म्हणत होते.

"सतराचा नळ बिघडलाय," मी म्हणाले.
तो माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.
"बरं. तिकडे लाकूड तरी स्वस्त पडेल."
लाकडाचा भाव दोन्हीकडे एकच आहे,
त्याच्या कोपराशीच पाटी होती.

रात्री नऊला बॅटरी घेऊन फेरी मारली.
एकेचाळीसला शेकोटी नुसतीच धुमसत होती.
टेबलावर पांढरा कप, कपात ते यंत्र,
वर बशी झाकलेली, दव पडू नये म्हणून.
दोघं खुर्च्यांत मागे रेलून वर बघत होती.
शेवाळं इतकं आहे तिथे
की खोकलासुद्धा दोन पावलांत संपतो.
वाटेवर उभं राहून मला सांगता आलं नसतं
कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही.
बॅटरी विझवून मी चाचपडत परत फिरले,
एका मुळाला ठेचकाळले. असो.

सकाळी सातला खिडकीवर टकटक.
सिल्वेरा. एकटाच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
घडीत वाळू अडकलेली,
पाय मात्र नुकतेच धुतलेले, ओले, स्वच्छ.
अंघोळीच्या खोल्या अजून उघडल्या नव्हत्या.

"अजून एक रात्र हवी होती," तो म्हणाला.
पाकिटातून नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या.
"सतराचा नळ...
झाला नसेल ना दुरुस्त?"

"नाही," मी म्हणाले.

"मग एकेचाळीसच लिहा."