दोन मात्रा

बेलार्ड पिअरची ती इमारत परवाच चकचकीत झाली.
पूर्वी जहाजकंपनीचं गोदाम होतं;
दारावरच्या फलकात लिहिलंय, 'मसाले'.
अफूला जागा पुरली नसावी.

काल तिथे 'दरबार' होता, तिकीट अडीच हजार.
पायरीवर चोपदार उभा केलेला, वांगणीचा सुजय.
फेट्याखाली घाम, काठीला सोनेरी कागद.
मला हळूच विचारतो,
चाचा, यात जेवण धरलंय का?

मी मिरजेचा दस्तगीर. केनेडी पुलाशी दुकान.
माझं काम चार तारांपुरतं:
घोडीवर तारेखाली दोरा सरकवायचा, केसाएवढा,
की तार बोलते.
त्या दोऱ्याला आम्ही जीव म्हणतो.
पत्रिकेत त्याला 'दैवी अनुनाद' म्हटलंय.

निवेदिका म्हणाली, सुवर्णकाळ.
भिंतीवर गव्हर्नर ओळीने ऐकत होते, नव्या चौकटींतून.

मग बंदिश सुरू झाली.
तीत एका बादशहाचं नाव असायचं.
पुलाजवळच्या माडीवर अनसूबाई गायच्या तेव्हा होतं,
मी जिन्यात बसून ऐकलंय.
काल तिथे हरिनाम आलं.
नाव लांब होतं, हरी आखूड,
दोन मात्रा कमी पडल्या.
बुवांनी त्या आकाराने भरून काढल्या
आणि वाहवा नेमकी तिथेच झाली.

मला बादशहाचा पुळका नाही.
त्याने तरी कधी विचारलं होतं
भोपळा कुणी पिकवला, कुणी वाळवला?
पण भिंतीवरचे साहेब पितळी अक्षरांत, तारखांसकट,
मग याचंच नाव घशात का अडकावं?

आणि अनसूबाई तर कुठल्याच मात्रेत नव्हत्या.
त्यांचा तानपुरा कोपऱ्यात, काचेच्या पेटीत.
चिठ्ठी: 'अज्ञात गायिकेचा'.
अज्ञात कसली!
दुकानातल्या वहीत उधारी आहे त्यांची,
सत्तावीस रुपये, खुंटी बदलल्याचे,
अब्बांच्या अक्षरात, पूर्ण नावानिशी.

मध्यंतरात सगळे कबाबांकडे गेले.
मी काचेला नाक लावून पाहिलं.
खर्ज उतरलेला. जीव निसटून
तबलीवर पडलाय, धुळीत.
सुजय काठी भिंतीला टेकवून जवळ आला.
वाजेल का हो हे अजून?

वाजेल की, म्हटलं.
किल्ली कुणाकडे आहे, तेवढं विचार.