दोनास एक

बार्शीतल्या त्या लग्नाचा एकच फोटो माझ्याजवळ उरलाय.
चेहरा एकीचा, मान दुसरीची.
पार्लरच्या कुंदाताईंनी तीन तास खपून
मला निमगोरी केली होती,
मानेला काही पुरलं नाही.
आत्या म्हणाली, पदर वर ओढून घे.

ते लग्न सहा वर्षं टिकलं. रंग रात्रीपर्यंतच.

आता रुवीत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी,
येत्या रविवारी वकिलातीत सह्या करायच्या आहेत
आणि मला एक बाटली हवी आहे,
जी लावल्यावर मी मीच दिसेन,
फक्त झोप पूर्ण झालेली.

मॉलमधली पोरगी विचारते, "मॅडम, ब्राइटनिंग?"
नको म्हटलं तरी मनगटावर पट्टे ओढत जाते,
आयव्हरी, बेज, सँड, हनी.
हनीच्या पुढची खाच रिकामी.
"त्याचे दोनच पीस येतात, मॅडम. लगेच संपतात."
संपतात, तर मग दोनच का, हे तिला विचारून काय उपयोग.

सँड म्हणे.
बिदियाला मी वाळू पाहिली आहे, विटेसारखी तांबूस.
ही कुठल्या वाळवंटातली?
मला ठेवू दिली असती नावं
तर म्हटलं असतं काकवी, हुलगा,
भाजून हाताला चिकटलेलं सुकं खोबरं.
पण आमची भाषा तरी कुठे सरळ आहे!
रान काळंभोर, डोळे काळेभोर,
पोरगी मात्र काळीकुट्ट,
किंवा पाहुण्यांसमोर, हळू आवाजात,
रंगानं जरा डावी.

"उजेडात बघून या ना," पोरगी म्हणाली.

सरकतं दार उघडलं आणि चष्म्यावर वाफ.
चव्वेचाळीस डिग्री. अर्ध्या गालाला हनी लावून
मी पार्किंगमध्ये एका पांढऱ्या गाडीच्या आरशात वाकले.
चुलीत हात घालून कुणी गालावरून फिरवावा, तशी दिसत होते.
तेवढ्यात काच खाली आली.
आत बाई बसलेली.

माझ्याहून बरीच गडद, आणि एकसारखी,
कपाळापासून अबायाच्या गळ्यापर्यंत एकच बाई.
डॉक्टरसारखं तिनं निरखलं.
"रमादी," म्हणाली.
माझं अरबी लॅबपुरतं. रक्त, साखर, उपाशीपोटी आलात का.
तरी हा शब्द कळला. राख.
"लग्न? कुणाचं?"
"माझं."
ती इतकी हसली की मीही हसले,
मग दार उघडून तिनं मला एसीत बसवलं.

झुवैना. आजी झांजिबारची.
पर्समधून तिनं तिची बाटली काढली, तळाशी उरलेली,
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत उपडी केली,
आणि वर मला रागावली,
एका बाटलीत बसायला निघालीस? दोन घे. मिसळ.
आई आयुष्यभर हेच करत आली, म्हणाली,
तेव्हा तर दुकानात हनीसुद्धा नव्हती.

मिसळणं मला येतं. दिवसभर तेच करते.
रात्रपाळीला, सेंट्रीफ्यूज घुमत असताना,
पिपेटनं तिचे दोन थेंब, हनीचा एक.
जबड्यावर लावलं, शोधलं,
कुठे संपतं ते सापडेना.
बाटलीवर पट्टी चिकटवली. तारीख, वेळ, दोनास एक.
रुग्णाच्या नावाच्या जागी पेन जरा अडलं,
मग माझंच नाव लिहिलं.

रविवारी कारकुनानं पासपोर्टमधला फोटो पाहिला, मला पाहिलं,
शिक्का मारला, पुढचा टोकन नंबर पुकारला.
मधुसूदननं नवा पांढरा शर्ट घातला होता.
जिन्यात, कुणी नाही बघून, त्यानं मला जवळ घेतलं.

नंतर जेवताना दिसलं,
त्याच्या कॉलरवर बोटभर डाग,
माझ्या रंगाचा, अगदी हुबेहूब.
तो कढी वाढून घेत होता.
मी सांगितलं नाही.