सदतीस टक्के

आमच्या दुकानात पुस्तकांना कव्हरं मी घालते.
बावीस वर्षं. खाकी कागद, एक कात्री,
आणि कोपरा दुमडताना अंगठ्याखालून
दहावीची बीजगणितं किती गेली, मोजलं नाही.

जूनमध्ये मन्मथअप्पांनी ती पाटी आणली.
पाटीच म्हणते मी. राखाडी, हलकी,
ग्लुकोज बिस्किटाएवढी जाड.
"हिच्यात तीन हजार पुस्तकं मावतेत," म्हणाले,
आणि माळ्याकडं बघितलं.
तिला बँकेतल्या पेनासारखी साखळी लावली.
हात लावून बघा, फुकट.

तिसऱ्या दिवशी गोलाईच्या पलीकडं
मुजीबभाईंच्या दुकानावर फलक चढला:
पाटीवर कव्हर मोफत, शंभर पुस्तकं आत भरून.
अप्पांनी दीडशे केली.
मुजीबभाईंनी पाचशे रुपये उतरवले.
अप्पांनी सातशे,
आणि दुपारचा चहा सोडला.

गिऱ्हाईक यायचं, बोट फिरवायचं,
"लई भारी," म्हणायचं,
आणि आमच्याच पायरीवर बसून
मोबाइलवरनं कुठून तरी तिसरीकडूनच मागवायचं.
खोकं घेऊन आलेला पोरगा पत्ता विचारायला
पुन्हा आमच्याच दुकानात.
अप्पा सांगायचे. नीट सांगायचे.
डावीकडं, दुसरी गल्ली, लिंबाच्या झाडापाशी.

दिवाळीपर्यंत दोन्ही दुकानांत मिळून एक विकली.
ती पण एका गुत्तेदारानं, साहेबाला द्यायला.

शिवकन्या यायची चार वाजता.
निटूरची. डॉक्टर व्हायला लातूरला पाठवलेली.
दोन क्लासच्या मधल्या फटीत,
पाठीवर जीवशास्त्र,
साखळी पुरेल तेवढ्याच अंतरावर उभी राहून
एक जहाजाची कादंबरी वाचायची.

"मावशी, शीड म्हणजे काय?"
मी कव्हरचा कागद झटकून पंख्यासमोर धरला.
कागद फुगला, फडफडला.
"असं असतंय बहुतेक."
"हाव," म्हणाली, आणि आत गेली. पाटीच्या आत.

त्यात पानांचे आकडे नसतात. टक्के असतात.
निघताना सांगायची, "मावशी, सदतीस,"
घरी मार्क सांगावेत तशी, जरा दबून.

दुसऱ्या दिवशी मी सदतीस लावून ठेवलं.
ती बोटानं भराभर पुढं गेली,
चव्वेचाळीसवर थांबली.
"मधलं सोडलंस व्हय गं?"
"नाही." खाली बघितलं.
"पलीकडं वाचलं. सहाला."

अप्पांनी ऐकलं. उधारीच्या वहीतून मान वर केली नाही.
मला वाटलं, आता साखळी आखूड होणार.
दुकान झाडताना म्हणाले,
"ती पाटी चार्जिंगला लाव.
त्यांची मध्येच बंद पडती म्हणं."
कोण म्हणलं, ते सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी, शटर अर्धं आल्यावर,
मुजीबभाईंचा कामाचा पोरगा
रिक्षांमधून वाट काढत आला.
पाच महिन्यांत त्या दुकानातनं आमच्याकडं
कुणी सुट्टे मागायलासुद्धा आलं नव्हतं.
"मौसी, भाई बोले, आज इकसठ."
एवढंच. आणि पळाला.

अप्पांनी वही उघडली,
नाव न लिहिता एकसष्ट मांडलं,
जमेला का नावे, मला दिसलं नाही.
"मी होतो पुढं," म्हणून चप्पल घालून गेले.

मी एकटीच. पंखा बंद, फळ्यांवर कपडा.
एकसष्टवर बोट ठेवलं,
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा
कव्हर घालायचं नसलेलं पुस्तक हातात धरून
पुढचं पान वाचलं.

जहाज उभं आहे. वारा नाही.
चारी बाजूंनी समुद्र,
आणि पिंपातलं प्यायचं पाणी संपलंय.
कप्तान माणशी एक पेला मोजून देतोय,
रांगेत सगळ्यात मागं एक पोरगी.

हे मला कुणी कागद फुगवून दाखवायची गरज नव्हती.
पेला कसा धरायचा, सांडू नये म्हणून
दुसरा हात कुठं लावायचा,
ते त्या लिहिणाऱ्यानं थोडं चुकवलंय.

आणखी दोन पानं वाचली.
मग मागं येऊन एकसष्टवर लावून ठेवली,
तिला कळू नये म्हणून.